एकसष्ट गाठी, साठ मोती

मी एक जुनी मोत्यांची माळ आहे. जुनी म्हणजे किती, ते मला नेमकं सांगता येत नाही, कारण माझे मोती एका दिवशी जन्मले नाहीत. एकसष्ट शिंपल्यांनी ते घडवले आणि त्यातल्या एकाही शिंपल्याला दुसऱ्याची ओळख नव्हती. बसऱ्याकडचे मोती, असं लोक म्हणत आणि म्हणताना आवाज खाली आणत.

मित्रांनो, मोती म्हणजे मी नव्हे आणि दोरा म्हणजेही मी नव्हे. सुटे मोती डबीतल्या दाण्यांसारखे असतात. कुणीतरी बाई मांडी घालून बसते, दोऱ्याला मेण लावते, एक मोती ओवते, गाठ मारते, दुसरा ओवते, गाठ मारते. शेवटची गाठ बसली की मी होते. दर दहा-पंधरा वर्षांनी दोरा कुजतो, मी सुटते आणि कुणीतरी मला पुन्हा गाठवतं. माझा शेवटचा जन्म सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका खोलीत झाला. तो मला पुष्पाबाईने दिला.

ही गोष्ट माझी कमी आणि तिची जास्त आहे. एका गाठीवरून पुढच्या गाठीवर जात सांगते. मधल्या पुष्कळ गाठी सोडून देते; त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

पहिली गाठ

सुरतेतल्याच गोपीपुऱ्यात एका घरात मी तीन सुनांच्या गळ्यात फिरले. लग्नांत, मुंजींत, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात. मधोमध माणकाचा एक लोलक होता. बायका आधी त्याच्याकडे पाहत आणि मग मोत्यांना हात लावत. मोती दाताला घासला की किंचित खरखर लागते, तो खरा. कितीतरी अनोळखी दात मी सहन केले. त्याला कौतुक म्हणत.

घरात चौथी सून येणार होती. दोरा सैल झाला होता. म्हणून मला भागळजवळच्या एका गल्लीत मंजुळाबेनच्या दुकानात पाठवलं. मंजुळाबेन दागिने विकत आणि जुने दागिने गाठवूनही देत. स्वतः गाठवत नसत. दुकानाच्या मागच्या बाकावर रोज चार-पाच बायका पिशवी घेऊन बसलेल्या असायच्या आणि काम घरी न्यायच्या. कागद नाही, सही नाही. मंजुळाबेन डबी हातावर ठेवत आणि डोळ्यांत बघत. तेवढंच.

"पुष्पाबेन, ये पुराना माल है. दूसरी किसी को नहीं देती," त्या म्हणाल्या.

"बेन, बघा तरी किती गाठी मारते," पुष्पाबाई म्हणाली. "तुटली तरी एकच मोती पडेल. बाकीचे हलणार नाहीत."

तिसरी गाठ

खोली एक. खिडकीपलीकडे मिलच्या चिमण्या. गटारातलं पाणी आठवड्याच्या वारांप्रमाणे रंग बदलतं. सोमवारी जांभळं असलं की समजावं, जांभळ्या साड्या निघाल्यात.

पुष्पाबाईचा नवरा मगन तिथल्याच एका रंगाईच्या मिलमध्ये कामाला. धुळ्याकडून दोघं आले त्याला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. रंग कपड्यावर पक्का बसावा म्हणून मिलमध्ये एक आंबट ॲसिड वापरतात. निळ्या कॅनमधून येतं, वास लोणच्याच्या बरणीसारखा, पण नाकात चावणारा. मगनच्या शर्टाला तो वास, उशीला तो वास, पोळीच्या डब्याला तो वास. नवा माणूस दारात आला की नाक धरायचा. घरातल्या तिघांना मात्र काही यायचा नाही. त्यांची नाकं त्या वासाला कधीच मेली होती.

मित्रांनो, हे लक्षात ठेवा.

पुष्पाबाईने माझा दोरा कापला, मोती पांढऱ्या फडक्यावर सोडले आणि मोजले. मगन ताट पुढे घेऊन बसला होता.

"एक मोती माले दे व," तो म्हणाला. "पॅन्टनं बटन तुटेल शे."

"तुम्हनं पोट आवरा पहिले," ती म्हणाली. "मंग बटन बी टिकी."

बारावीत शिकणारी त्यांची मुलगी जयश्री पुस्तकातून मान वर न काढता हसली. तीन माणसं एका खोलीत माझ्यावरून हसली, एवढं एकच हसणं माझ्या आयुष्यात खरं होतं. म्हणून सांगितलं.

चौथी गाठ

पुष्पाबाई हे काम दागिने ओवणाऱ्या एका म्हाताऱ्या पटव्याकडून शिकली होती. त्याची रीत अशी: जुना मोती गाठवण्याआधी रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवायचा, शंभर आकडे मोजायचे, काढायचा, साध्या पाण्यातून फिरवायचा, फडक्यावर वाळवायचा. शंभरच्या वर एकही आकडा नाही.

त्या आठवड्यात वस्तीच्या नळाला दोन दिवस पाणी नव्हतं. मगनने मिलमधून एक निळा कॅन भरून आणला होता. कॅन रिकामा समजून त्याने एकदा विसळला आणि मिलच्याच नळाखाली धरला. बुडाशी वाटीभर ॲसिड राहिलं होतं. वास आला असता, तर कुणालाही कळलं असतं.

पुष्पाबाईने त्या पाण्यात रिठे कुस्करले. फेस आला. तिने मला त्यात सोडलं आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन.

मला लगेच कळलं. अंगाला बारीक बुडबुडे चिकटले. रिठ्याचा फेस वर असतो; हे बुडबुडे माझ्यातून निघत होते. पण फेसात बुडबुडा कुणाचा, ते कोण ओळखणार?

बेचाळीसवर गल्लीतून आरडाओरडा झाला. टँकर आला होता.

पुष्पाबाईने दोन हंडे उचलले. "जयश्री, मोती काढ व पाण्यातून," असं म्हणायचं तिच्या ओठावर आलेलं मी पाहिलं. पण जयश्री तिच्याही आधी बादली घेऊन धावली होती. शेजारची उषाबाई रांगेत मध्ये घुसली, भांडण झालं, एक हंडा सांडला, पुन्हा रांग. चांगलं पाणी आणायला गेलेली बाई दीड तासाने परत आली.

तोवर मी त्या पाण्यात होते.

रिकामी जागा

इथे आता मोती नाही. दोन गाठींमध्ये नुसता दोरा आहे. त्याचं शेवटी सांगते.

पाचवी गाठ

वाळल्यावर मोती खडूसारखे दिसले. पुष्पाबाईने एक उचलला, पदराला घासला, दिव्याजवळ नेला. परत घासला. तिला वाटलं, आपण जास्त वेळ ठेवले, रिठा चढला. दुसऱ्या दिवशी नळ आला तेव्हा साध्या पाण्यातून पुन्हा काढले. गेलेली झळाळी परत आली नाही.

दुसरी एखादी असती तर डबी तशीच परत दिली असती, काम जमलं नाही म्हणाली असती. पुष्पाबाईने मला गाठवलं. चार दिवस बसून. तिच्या आयुष्यातल्या सगळ्यांत सुबक गाठी तिने त्या मेलेल्या मोत्यांमध्ये मारल्या; गाठी चांगल्या दिसल्या तर मोत्यांना माफी मिळेल अशी तिची काहीतरी समजूत असावी. एकसष्ट मोती, प्रत्येकामागे एक गाठ. मधोमध माणिक, तसंच लाल. त्याला काही झालं नव्हतं. दगडाला काही होत नाही.

सहावी गाठ

मंजुळाबेनने डबी उघडली आणि बंद केली. परत उघडली. मला काट्यावर ठेवलं. मग एक मोती दाताला लावला.

"आ शूं छे?"

"बेन, पाण्यात जरा जास्त राहिले. माझी चूक झाली. पण माल तोच आहे."

"माल वही है? वजन कम है. पानी मर गया है. पुष्पाबेन, मैं तीस साल से मोती देखती हूँ."

"तुम्ही एक फोडून बघा," पुष्पाबाई म्हणाली. तिला पटव्याने सांगितलेलं आठवत होतं: बसऱ्याचा मोती फोडला की आत थरावर थर असतात, कांद्यासारखे, थेट मध्यापर्यंत. स्वस्तातल्या मोत्यात तसे नसतात. "आत बघा. आत तोच असेल."

"पराया माल है. फोडूँ कैसे? और फोडूँ तो किसको दिखाऊँ?"

मागच्या बाकावरच्या बायकांनी माना वर केल्या. मंजुळाबेन ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त बाकाकडे वळून म्हणाल्या, "देखो बहनो. भरोसे का क्या होता है, देख लो."

पाणी कुठलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही. पुष्पाबाईला तेव्हा विचारलं असतं, तर तिने सहज सांगितलं असतं. तिला त्यात लपवण्यासारखं काही ठाऊकच नव्हतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. ते मला पुढे जयश्रीच्या तोंडून कळलं.

त्याच आठवड्यात पुष्पाबाई देव्हाऱ्यातले देव घासायला बसली. त्यात एक छोटा शंख होता, तिच्या आईने दिलेला. तिने तो भांड्यात टाकून त्याच कॅनमधलं तळाचं पाणी वर ओतलं. शंखाभोवती फेस उठला.

"जयश्री, दख व. काबरं फेस ई ऱ्हायना?"

"रिठा टाकला का तू?"

"नही. निस्तं पानी शे."

जयश्रीने शंख बाहेर काढला. पाठीवरची चकाकी गेली होती, बोट फिरवलं तर पांढरी भुकटी लागली. बारावीच्या मुलीला याहून जास्त सांगावं लागत नाही. तिने कॅन उलटा केला, झाकण उघडून त्यावरची घासलेली अक्षरं आईला वाचून दाखवली: ॲसिड.

संध्याकाळी मगन आला. दोघींनी शंख त्याच्यासमोर ठेवला. त्याने शंखावरून बोट फिरवलं आणि भुकटी पॅन्टला पुसली.

"कोणले सांगू नको, पुष्पा," तो म्हणाला. मिलमधून कॅन घरी न्यायला बंदी होती. "सहा महिना पहिले त्या चिंधाले काढं याच गोष्टवर. कॅन आना म्हनीसन माले बी काढतीन."

"मंग मी चोर?"

"तू चोर नही. हाई तुले माहीत शे, माले माहीत शे."

"आन मोतीसले माहीत शे," पुष्पाबाई म्हणाली. "गल्लीनं काय?"

मगनने ताट पुढे ओढलं. तो जेवला. जयश्री सांगत होती की त्या दिवशी तो नेहमीपेक्षा दोन घास जास्तच जेवला, कारण ताटावरून उठायचं धाडस त्याला झालं नाही.

पुष्पाबाई भागळला गेली नाही. तिचं नाव आणि त्याची नोकरी, दोन्ही टिकणार नव्हतं. तिने नोकरी टिकवली.

बाकावरची गोष्ट वस्तीच्या नळावर पोचली होती. तिथे उषाबाई म्हणाली, "तुला काय कमी आहे बाई आता. जयश्रीच्या लग्नात मोत्यांच्या अक्षता टाकशील." सगळ्या हसल्या. पुष्पाबाईने हंडा भरला आणि घरी आली. पुढच्या महिन्यात मंजुळाबेनच्या बाकावर, तिच्या जागेवर, उषाबाई बसलेली मी पाहिली.

तिसावी गाठ

गोपीपुऱ्याच्या घरच्यांनी मला परत घेतलं नाही. मंजुळाबेनने त्यांना दुसरी माळ दिली आणि मी दुकानाची झाले. माझं माणिक काढून एका अंगठीत बसवलं. मला विकायचं नव्हतं, मोडायचं नव्हतं. गल्ल्याखालच्या खणात ठेवलं.

तुम्हाला वाटेल, माझी अडगळ झाली. तसं झालं असतं तर मी समाधानाने धूळ खाल्ली असती. मला काम मिळालं, मित्रांनो. कुणी नवी बाई गाठवायचं काम मागायला आली की मंजुळाबेन खण उघडत, मला टेबलावर पसरत आणि म्हणत, "ये देखो. एक मराठी बेन थी. असली बसरा ले गई, ये पकडा गई. उसके बाद उसको पूरे बाजार में काम नहीं मिला."

मग त्या बाया मला हात लावत. कुणी तोंडाने च्-च् करे. एक म्हणाली, "दिखने में सीधी होगी." मंजुळाबेन म्हणाल्या, "बहुत सीधी."

सहा वर्षं मी हे केलं. साक्षीदार मीच होते आणि मलाच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभं केलं होतं. माझ्या अंगावर तिच्या हाताच्या एकसष्ट गाठी होत्या. चोरी करणारी बाई खोट्या मोत्यांना असल्या गाठी मारत बसेल का, हे रोज सुई धरणाऱ्या बायकांनाही सुचलं नाही.

साठावी गाठ

एका दुपारी दुकानात जयश्री आली. मी तिला आवाजावरून ओळखलं. सुरतेजवळ इच्छापोरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती ठेक्यावर कामाला लागली होती. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र. मंजुळाबेनशी ती गुजरातीत बोलली, मग हिंदीत, शेवटी मराठीत. फक्त 'आई' हा शब्द तिने तिन्ही भाषांत तसाच ठेवला.

तिने सॅकमधून तो शंख काढला आणि सगळं सांगितलं. कॅन, टँकर, दीड तास. मगनच्या नोकरीची भीती आता उरली नव्हती. मिलनेच दोनशे माणसं घरी बसवली होती, त्यात तोही होता. ज्या नोकरीसाठी पुष्पाबाई गप्प बसली, ती नोकरी तिला न विचारता गेली.

"आई ने बोला था, एक फोड के देखो," जयश्री म्हणाली. "तब पराया माल था. अब तो आपका है."

मंजुळाबेनने शंख उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी खण उघडला, मला बाहेर काढलं आणि पकड घेतली. चौथ्या आणि पाचव्या गाठींमधला मोती पकडीत धरला आणि दाबला.

दुखलं का, असं विचारू नका.

मोती कागदावर फुटला. वरचं खडूचं साल बाजूला पडलं आणि आतून तुकडे चमकले. थरावर थर, कांद्यासारखे, थेट मध्यापर्यंत. त्या दुकानात इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं आणि ते माझ्याच पोटात होतं. मंजुळाबेनने भिंग लावून पाहिलं. भिंग खाली ठेवलं.

"बसरा," त्या म्हणाल्या. अगदी हळू.

"हो," जयश्री म्हणाली.

"तेरी मम्मी को बोल, आ जाए. काम है."

"आई येणार नाही. ती आता साड्यांवर काचेचे खडे चिकटवते. बोटांना गोंद बसलाय, सुई धरवत नाही. तुम्ही चला. गल्लीत या आणि नळावर उभं राहून एकदाच सांगा. उषाबाई पण असते तिथे."

"दुकान कौन देखेगा, बेटा?"

"मी बसते दुकानात."

मंजुळाबेन हसल्या. वाईट हसू नव्हतं ते. थकलेल्या माणसाचं होतं. "जो हो गया सो हो गया. अब सब भूल गए होंगे."

जयश्रीने शंख सॅकमध्ये घातला. "आम्ही नाही विसरलो," ती म्हणाली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरली. मंजुळाबेनने कागद दुमडून मोत्याची भुकटी डब्यात टाकली. माझ्या दोन गाठींमध्ये रिकामा दोरा राहिला. बाकीचा एकही मोती हलला नाही. पुष्पाबाईने सांगितलं होतं तसंच.

एकसष्टावी गाठ

त्यानंतर दोन महिने खण उघडला नाही. मला वाटू लागलं, आता मला मोडतील किंवा विकतील. किंवा एखाद्या दिवशी मंजुळाबेन मला पिशवीत घालून पांडेसऱ्याची रिक्षा करतील.

मग सुषमा नावाची एक नवी बाई काम मागायला आली. बारडोलीकडची. नवऱ्याची ऊसतोड सोडून दोघं सुरतेला आले होते. हात चांगला होता तिचा. सुईत दोरा ओवताना मी तिला खणाच्या फटीतून पाहिलं.

खण उघडला. मला टेबलावर पसरलं. मंजुळाबेनचं तोंड उघडलं आणि क्षणभर थांबलं. त्या क्षणात मी जेवढी आशा धरली, तेवढी तीन सुनांच्या गळ्यातही धरली नव्हती.

"ये देखो," मंजुळाबेन म्हणाल्या. "एक मराठी बेन थी."

शब्द तेच. क्रम तोच. त्या वाक्याचा दुकानाला उपयोग होता. खऱ्या वाक्याचा काय होता?

सुषमाने मला बोटांवर घेतलं आणि मोती सरकवत सरकवत रिकाम्या जागेवर थांबली. "बेन, इथे एक मोती कमी आहे."

मंजुळाबेन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत होत्या. "वो भी वही ले गई होगी."

सुषमाचं बोट दोन गाठींमधल्या उघड्या दोऱ्यावर राहिलं. एक गाठ अलीकडे, एक पलीकडे, दोन्ही घट्ट. गाठवताना मोती तिथे होता. नंतर कुणीतरी फोडला. गाठवणाऱ्या बाईला हे कळायला शाळा लागत नाही. तिने मान वर केली. मंजुळाबेनकडे पाहिलं, मग टेबलावर तिच्यासाठी काढून ठेवलेल्या कामाच्या डबीकडे.

डबी उचलली आणि निघाली.

मित्रांनो, मोत्यांना अत्तर लागू देऊ नका. घाम लागलेले मोती मऊ फडक्याने पुसून ठेवा. एवढं तुम्हाला कुठल्याही दुकानात सांगतील. मी दुसरं मागते. कुणाच्या हातून तुमचं काही बिघडलं, तर तिला नाव ठेवण्याआधी एकदा विचारा की पाणी कुठलं होतं. उत्तर मिळालं, तर ते खणात कोंडू नका. आणि कधी भागळकडे आलात, माझ्यावर बोट ठेवून कुणी तुम्हाला माझी गोष्ट सांगायला लागलं, तर मोती मोजू नका.

गाठी मोजा.